तालुक्याच्या एक्सचेंजमध्ये चॅसी बसवताना

मॉड्युलर चॅसी म्हणजे खाचा असलेली पत्र्याची पेटी. तिच्या पाठीशी एक जाड सर्किट बोर्ड असतो, त्याला बॅकप्लेन म्हणतात. पुढून एखादे कार्ड खाचेत सरकवले की ते बॅकप्लेनच्या सॉकेटमध्ये बसते; तिथूनच त्याला वीज मिळते आणि शेजारच्या कार्डांशी देवाणघेवाणही तिथूनच चालते. काही कार्डे गावांकडे जाणाऱ्या तारा सांभाळतात, एक-दोन वरच्या जाळ्याशी जोडणी देतात आणि दोन कार्डे या सगळ्यांवर नियंत्रण ठेवतात. पंख्यांचा ट्रे आणि वीज घेणारी मॉड्यूल वेगळी असतात. कार्ड बिघडले तर यंत्र चालू ठेवून तेवढेच बाहेर ओढता येते, गावे वाढली तर रिकाम्या खाचेत नवे घालता येते. कार्डे बदलत राहतात. पेटी मात्र एकदा बसली की वर्षानुवर्षे जागची हलत नाही. त्यामुळे ती पहिल्यांदा कशी बसवली, याचा परिणाम तिच्यात पुढे येणाऱ्या प्रत्येक कार्डाला भोगावा लागतो.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यात आठ तालुके आणि पाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा तिचे नाव ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ होते. २०१५ मध्ये ते ‘भारतनेट’ झाले. पहिल्या टप्प्याची आखणी साधी होती. तालुक्याच्या गावी बीएसएनएलचे एक्सचेंज आधीपासून होते आणि तिथून काही अंतरापर्यंत फायबरही पोहोचलेले होते. उरलेला तुकडा टाकून ते ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचे, एक्सचेंजमध्ये एक चॅसी बसवायची आणि पंचायतीच्या कार्यालयात एक छोटा डबा. चॅसीला ओएलटी म्हणतात, डब्याला ओएनटी. दोहोंमधल्या तंत्राचे नाव जीपॉन. त्यात ओएलटीच्या एका पोर्टातून निघालेला एकच फायबर वाटेत स्प्लिटरने फोडून अनेक ठिकाणी नेतात. गावाकडे जाताना या पोर्टाचा वेग सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट असतो, परतीचा सव्वा गिगाबिट, आणि पल्ला साधारण वीस किलोमीटर. वाटेवर विजेवर चालणारे काहीच लागत नाही. देवरीहून चिचगडकडे किंवा सालेकशाहून दरेकशाच्या डोंगरात जाणाऱ्या, जंगलातून वाट काढणाऱ्या तारेसाठी हा मोठाच फायदा आहे. मात्र त्यामुळे सगळी मदार दोन टोकांवर येते, आणि त्यांतले मोठे टोक एक्सचेंजच्या खोलीत असते.

चॅसी ज्या रॅकमध्ये बसते त्याची मापे शंभर वर्षे जुनी आहेत. अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने १९२२ च्या सुमारास १९ इंची रॅक ठरवून टाकला आणि जगाने तो उचलला. पुढच्या पट्टीची रुंदी ४८२.६ मिमी, दोन खांबांमधली मोकळी जागा ४५० मिमी आणि उंचीचे एकक पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिमी. या एककाला ‘यू’ म्हणतात. सर्रास दिसणारा रॅक ४२ यूचा, म्हणजे आतून सुमारे १.८७ मीटर उंच. मध्यम आकाराची ओएलटी चॅसी आठ-दहा यू घेते. युरोपातील दूरसंचार कंपन्यांचा थोडा रुंद, २१ इंची रॅकही आहे. त्या घडणीचे यंत्र आपल्याकडच्या १९ इंची रॅकमध्ये मावत नाही. ही गोष्ट मागणी नोंदवतानाच पाहिलेली बरी, ट्रक दारात आल्यावर नव्हे.

रॅकच्या खांबावरची भोके पहिल्या नजरेला सारख्या अंतरावर वाटतात, पण ती तशी नसतात. तीन-तीन भोकांचा एक यू. त्यातली अंतरे १५.९, १५.९ आणि १२.७ मिमी, आणि एक यू संपून दुसरा सुरू होतो तो या १२.७ मिमीच्या अरुंद फटीच्या बरोबर मध्यावर. नवखा माणूस खालून भोके मोजत जातो, एका भोकाने चुकतो, चौकोनी भोकांत केज नट बसवून मोकळा होतो आणि मग चॅसी हातावर तोलून धरलेली असताना त्याच्या लक्षात येते की कानांची भोके नटांसमोर येतच नाहीत. ओढाताण करून तीन स्क्रू लागतात, चौथा तिरका जातो. तेवढ्याने पेटीला पीळ पडतो आणि पुढे कधीतरी एखादे कार्ड खाचेत अडकू लागते. उपाय फुकटचा आहे: केज नट लावण्याआधी पेन्सिलीने दोन्ही खांबांवर यूच्या सीमा आखून घ्याव्यात.

रॅक आणण्याआधी खोली तपासावी लागते. तालुक्याच्या एक्सचेंजमध्ये जागेची अडचण सहसा नसते. जुन्या स्विचच्या रांगा निघाल्यावर मोठाली दालने रिकामी राहिली आहेत. त्यांत एके काळी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची छोटी एक्सचेंजेसही चालली. सी-डॉटची स्थापना १९८४ ची. तिच्या १२८ जोडण्यांच्या ग्रामीण एक्सचेंजची सुरुवात १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला झाली आणि पुढे ते देशभर पसरले. वातानुकूलनाशिवाय, भारतीय उन्हाळ्यात चालावे याच हिशोबाने ते घडवले होते. आजच्या बहुतेक चॅसींना तेवढी सवलत नाही. खोलीत बसणाऱ्या यंत्रांच्या पुस्तिकेत साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा दिलेली असते. काही दणकट यंत्रे जास्त सोसतात. गोंदियात मे महिन्यात बाहेरचा पाराच ४५ ओलांडतो, आणि पश्चिमेकडे भिंत असलेल्या, वर नुसता स्लॅब असलेल्या खोलीत संध्याकाळी सातलाही उतार पडत नाही. यंत्र जेवढी वीज खाते तेवढीच उष्णता ओकते. सहाशे वॉटची चॅसी म्हणजे खोलीत सहा माणसे रात्रंदिवस बसून असल्यासारखे. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे हिशोबाने तो पुरून उरतो. प्रश्न असतो वीज गेल्यावरचा. चॅसी बॅटरीवर चालू राहते, एसी बंद पडतो. म्हणून वायुवीजनाची सोय वेगळी हवी, आणि पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावण्यापेक्षा ती विटांनी बुजवणे चांगले.

धूळ हा या जिल्ह्यातला दुसरा मुद्दा. गोंदिया धानाचा जिल्हा आहे, शहराभोवती आणि मोठ्या गावांतून भातगिरण्या आहेत. मळणीनंतर त्या जोरात चालू लागल्या की तूस आणि कोंड्याचे कण हवेत तरंगत राहतात. चॅसीचे पंखे समोरून किंवा बाजूने हवा खेचतात, त्या वाटेवर स्पंजासारखी जाळी असते. जाळी तुंबली की पंखे आधी वेग वाढवतात, मग आवाज, आणि अखेरीस तापमानाचा अलार्म येतो. पुस्तिकेत जाळी तीन महिन्यांनी साफ करा असे लिहिलेले असेल तर ते पुस्तिकेच्या शहराचे वेळापत्रक समजावे; गिरणीशेजारच्या एक्सचेंजला हंगामात महिन्याला एकदा हात फिरवावा लागतो. हवा कोणत्या बाजूने आत येते आणि कोणत्या बाजूने बाहेर पडते हेही बसवण्याआधी बघायचे असते. एका यंत्राची गरम हवा शेजारच्याच्या तोंडात सोडणारी मांडणी कागदावर नीट दिसते आणि एप्रिलमध्ये अंगाशी येते.

रॅक उभा करणे हे निम्मे गवंड्याचे काम आहे. जमिनीवर चार खुणा करायच्या, ड्रिलने भोके पाडायची, धूळ फुंकून काढायची, अँकर बोल्ट ठोकायचे. धूळ आत राहिली तर बोल्ट धरल्यासारखा वाटतो आणि पुढे ढिला होतो. मग पाणसळ ठेवून पायांच्या स्क्रूंनी समपातळी साधायची आणि बाजूने ओळंबा बघायचा. जुन्या एक्सचेंजच्या फरश्या पाण्याचा निचरा व्हावा म्हणून दाराकडे किंचित उतरत्या असतात, तेव्हा नजरेवर विसंबून चालत नाही. पुढे-मागे मीटरभर मोकळी जागा असावी. पुढे कार्ड पूर्ण बाहेर ओढता यायला हवे, मागे माणसाला वाकून लग आवळता यायला हवा. भिंतीला चिकटवलेला रॅक पहिल्या दिवशी खोली मोठी दाखवतो, एवढाच त्याचा उपयोग. केबलचे मार्ग वरून, शिडीसारख्या ट्रेवरून न्यावेत. पावसाळ्यात खोलीत पाणी शिरल्याचे डाग भिंतीवर असतील तर त्या रेषेच्या वर काय आणि खाली काय, हे ठरवूनच रॅक भरायला घ्यावा. वजनदार वस्तू खाली, हा नियम त्यानंतरचा.

पेटारा उघडण्याआधी त्याच्या बाहेरच्या खुणा पाहतात. वाहतुकीत पेटारा आडवा झाला किंवा आदळला तर रंग बदलणारी लेबले त्यावर चिकटवलेली असतात. रंग बदलला असेल तर फोटो काढून, माल उतरवून घेणाऱ्याच्या सहीआधी तशी नोंद व्हावी. पावसाळ्यात आणखी एक पथ्य: वातानुकूलित गोदामातून आलेले थंड यंत्र दमट खोलीत लगेच उघडले तर त्यावर दव जमते. ते बंद पेटाऱ्यातच काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. हवा इतकी कोरडी होते की नायलॉनचा शर्ट घातलेल्या माणसाच्या अंगावर चालता-चालता हजारो व्होल्टचा स्थिर भार साठतो. तीन हजार व्होल्टच्या खालचा झटका माणसाला जाणवतही नाही. कार्डावरच्या चिपला मात्र शंभरएक व्होल्ट पुरतात. बरे, चिप त्याच क्षणी मरेलच असे नाही. ती अर्धमेली होऊन सहा महिन्यांनी दगा देते आणि दोष कार्ड बनवणाऱ्यावर जातो. म्हणून मनगटी पट्टा बांधायचा आणि त्याची क्लिप रॅकच्या अर्थला लावायची. पट्ट्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोधक असतो, त्यामुळे चुकून विजेला हात लागला तरी शरीरातून मोठा प्रवाह वाहत नाही. हा पट्टा पेटाऱ्यातच मिळतो आणि बऱ्याचदा पेटाऱ्यातच राहतो.

चॅसी उचलताना ती रिकामी हवी. कार्डे, पंख्यांचा ट्रे आणि वीज मॉड्यूल आधी काढून ठेवली की भरलेल्या पेटीचे चाळीसएक किलो वजन निम्म्यावर येते. तरीही दोन माणसे लागतात, आणि तिसरा स्क्रू लावायला. खाली आधाराची पट्टी किंवा ट्रे आधी बसवावा. नुसत्या पुढच्या कानांवर पेटी लटकवली की मागची बाजू हळूहळू झुकते. चारही स्क्रू आधी बोटांनी अर्धे फिरवायचे, पेटी सरळ झाल्याची खात्री करायची आणि मगच समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे.

पेटी रॅकमध्ये स्थिरावल्यावर पहिली तार जोडायची ती अर्थची, आणि यंत्र कधी काळी काढायचे झाले तर शेवटी सोडायची तीही अर्थचीच. हिरव्या-पिवळ्या जाड वायरला दोन भोकांचा तांब्याचा लग क्रिम्प करतात. एका भोकाचा लग सैल झाला की फिरतो, दोन भोकांचा फिरत नाही. जिथे लग बसणार तिथला रंग खरवडून धातू उघडा करतात, कारण रंगावर आवळलेला लग दिसायला जोडलेला असला तरी विजेच्या दृष्टीने तो जोडलेलाच नसतो. पुढे ही वायर भिंतीवरच्या तांब्याच्या अर्थपट्टीला जाते. बॅटरीचे धन टोक, रॅक, केबल ट्रे, फायबरच्या केबलमध्ये धातू असेल तर तोही, सगळे त्या एकाच पट्टीवर यायला हवे. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण पोलादी कवच असलेल्या जुन्या केबलचे कवच ती आनंदाने वाहून नेते. पूर्व विदर्भात मृगाच्या आधीपासून विजा कडाडायला लागतात. वीज इमारतीवर थेट पडायचीही गरज नसते. जवळपास पडली तरी दोन वेगळ्या अर्थपट्ट्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक तयार होतो, आणि तो फरक भरून निघतो कार्डांमधून. म्हणून यंत्रासाठी वेगळी, ‘स्वच्छ’ अर्थ काढून देण्याची हौस टाळावी.

अर्थचा खड्डा किती चांगला आहे हे मातीवर ठरते. जुन्या भंडारा जिल्ह्यातले शेतकरी जमिनीची कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावे घेतात. काळी कन्हार ओल धरते, तिथे खड्ड्याचा रोध कमी येतो. मुरमाड बरडीत तीच सळई, तेवढीच खोल पुरली तरी रोध कितीतरी जास्त निघतो. मग एकाऐवजी तीन-चार सळया अंतराअंतरावर पुरून पट्टीने जोडाव्या लागतात, किंवा सळईभोवती ओल धरणारे मिश्रण भरावे लागते. एक्सचेंजसाठी एक ओहमच्या आतला रोध चांगला मानतात. तो मोजण्याचा दिवस मात्र महत्त्वाचा आहे. ऑगस्टमध्ये भोवतालच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असताना कोणताही खड्डा उत्तीर्ण होतो. खरी परीक्षा मेमध्ये, अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या टणक जमिनीत ठोकतानाच घाम फुटतो तेव्हा. काम हाती देतानाच्या कागदावर आकड्याशेजारी तारीख लिहिली नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

वीज हा चॅसीच्या बसवणीतला सर्वात शिस्तीचा भाग. जगभरची एक्सचेंजेस उणे ४८ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात. दोन व्होल्टच्या चोवीस शिसे-आम्ल घटांची ओळ म्हणजे ४८ व्होल्ट. धन टोक अर्थला जोडलेले असते, म्हणून तारेवरचा दाब उणे. हा उलटेपणा तांब्याच्या जमान्याने घालून दिला. जमिनीतील ओलसर केबल भूमीच्या तुलनेत धन असेल तर तांबे विद्युत-अपघटनाने विरघळत जाते. ती ऋण ठेवली की वाचते. आता केबल काचेची झाली, तरी पॉवर प्लांट (एक्सचेंजला ही वीज पुरवणारा संच), बॅटऱ्या आणि यंत्रे त्याच रिवाजावर घडत राहिली. अडचण एवढीच की घरगुती वायरिंगची सवय असलेला कुशल वायरमनही इथे गडबडतो. धन म्हणजे ‘गरम’ आणि ऋण म्हणजे ‘थंड’ हा त्याचा हिशोब इथे उलटा पडतो. बहुतेक यंत्रांबरोबर निळी वायर उणे ४८ साठी आणि काळी परतीसाठी येते. रंगावर भरवसा न ठेवता मल्टिमीटर लावून दाब आणि दिशा दोन्ही पाहाव्यात. बॅटरी भरलेली आणि चार्जर चालू असताना मीटरवर ५४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो, कारण प्रत्येक घटावर सव्वादोन व्होल्ट ठेवलेले असतात.

वायरची जाडी ठरवताना हा ५४ चा आकडा घेऊन चालत नाही. वीज जाऊन बॅटरी उतरत आली की एका घटाला १.८ व्होल्ट उरतात, म्हणजे ओळीला ४३.२. चॅसीला मात्र तेवढेच वॉट हवे असतात, म्हणून ती जास्त प्रवाह ओढते. सहाशे वॉटसाठी ५४ व्होल्टला ११ अँपिअर लागतात, ४३.२ व्होल्टला जवळजवळ १४. पॉवर प्लांट दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे. सहा चौरस मिमी वायरीत १४ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, अडीच चौरस मिमीत जवळपास दोन. हे दोन व्होल्ट दिवसा कोणाला जाणवत नाहीत. वादळाच्या रात्री, पहाटे तीनला, बॅटरीत जीव असतानाही चॅसी बंद पडते ती याच दोन व्होल्टांमुळे. चॅसीला दोन स्वतंत्र फीड येतात, त्यांना ए आणि बी म्हणतात. दोन्ही फीड पॉवर प्लांटच्या वेगवेगळ्या ब्रेकरवरून यायला हवेत. एकाच ब्रेकरखाली दोन वायरी लावून ‘दोन्ही दिले’ म्हणणे सोपे असते आणि फोटोत ते ओळखूही येत नाही.

बॅटरीबद्दल थोडे सविस्तर, कारण खर्च तिथेच होतो. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सिअस धरून छापलेले असते. त्यापुढे दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. म्हणजे ३५ अंशांच्या खोलीत आठ वर्षांची बॅटरी चार वर्षांची. दोनशे अँपिअर-तासांची नवी ओळ १२ अँपिअरवर हिशोबाने सोळा तास चालावी. उन्हाळे काढलेली ओळ त्याच्या अर्ध्यावरही मान टाकते. पैसे मोजकेच असतील आणि एसी एकच घ्यायचा असेल तर तो कोणत्या खोलीला द्यावा, यावर एक्सचेंजमध्ये वाद होतात. चॅसी उष्णतेची तक्रार अलार्म देऊन करते, बॅटरी गुपचूप म्हातारी होते. त्यामुळे बॅटरीच्या बाजूने कौल देणे शहाणपणाचे.

हे सगळे झाल्यावर कार्डे आत जातात. खाच ठरलेली असते: नियंत्रक कार्डे मधल्या दोन खाचांत, बाकीची दोन्हीकडे. कार्ड दोन्ही हातांनी कडांना धरून वरच्या-खालच्या खोबणीत सरळ ठेवतात आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरपर्यंत अलगद ढकलतात. तिथे विरोध जाणवतो तो बॅकप्लेनच्या पिनांचा. आता ढकलायचे नाही, दोन्ही टोकांच्या तरफा एकाच वेळी आत मिटायच्या. त्या कार्डाला सरळ ओढून घेतात. विरोध त्याआधीच जाणवला तर कार्ड बाहेर काढून बॅकप्लेनकडे बॅटरी मारून पाहावे. वाकलेली एक पिन सरळ होणे जवळपास अशक्य, आणि ती असलेली खाच कायमची गमावली असे समजावे. रिकाम्या राहिलेल्या खाचांना कोरी झाकणे लावतात. ती नुसती दिसण्यासाठी नसतात. झाकण नसेल तर पंख्यांनी खेचलेली हवा त्या भगदाडातून सोपी वाट धरते आणि शेजारचे भरलेले कार्ड गरमच राहते.

फायबरची जोडणी नाजूक हाताची. पॅचकॉर्डला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण दिले तर प्रकाश बाहेर गळतो. जोडणीचे टोक प्रत्येक वेळी पुसून मगच लावतात, टोपी काढून लगेच लावलेले असले तरी. जीपॉनचा प्रकाश १४९० आणि १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. त्यामुळे ‘उजेड येतोय का’ म्हणून टोकात डोकावण्याची सवय घातक आहे. त्यासाठी पॉवर मीटर असतो. वीस किलोमीटरवरच्या गावाचा हिशोब असा बसतो: फायबरमध्ये किलोमीटरला ०.३५ डेसिबलप्रमाणे ७, आठ वाटांच्या स्प्लिटरचे साडेदहा, दोन-दोन किलोमीटरच्या तुकड्यांच्या सांध्यांचे सुमारे १ आणि चार कनेक्टरांचे २. बेरीज साडेवीस. यंत्राची मुभा सर्वसाधारणपणे २८ डेसिबलची. उरलेले साडेसात भरपूर वाटतात, पण रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की प्रत्येक दुरुस्ती दोन नवे सांधे देऊन जाते, आणि घाईत मारलेला सांधा ०.१ चा राहत नाही.

लेबलाचे काम सगळ्यांत शेवटी येते आणि थकलेल्या माणसाच्या वाट्याला जाते. पोर्टावर ‘३/७’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘केशोरी मार्ग, स्प्लिटर १’ असे लिहिले, आणि तेही तारेच्या दोन्ही टोकांना, तर पुढच्या बिघाडाच्या वेळी तासाचे काम पाच मिनिटांत होते. अर्जुनी मोरगावच्या एक्सचेंजमध्ये रात्री एकटा असलेला कर्मचारी लेबल वाचून फोनवर नागपूरला नीट उत्तर देऊ शकला, तर गाडी पाठवावी लागत नाही. बॉलपेनने लिहिलेले लेबल दोन उन्हाळ्यांत पुसट होते, छापलेले टिकते.

वीज सोडताना आधी ए, मग बी. पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंघावतात आणि मग शांत होतात. शांत झाले नाहीत तर नियंत्रक कार्ड जागे झालेले नाही. कार्डांचे दिवे काही मिनिटे लुकलुकून हिरवे होतात. त्यानंतर सॉफ्टवेअर, पोर्टांची मांडणी, ओएनटींची नोंदणी ही कामे बहुतेक दूरच्या केंद्रातून होतात. जागेवर करायच्या चाचण्या वेगळ्या आणि थोड्या धाडसाच्या असतात: चालू यंत्राचा ए फीड बंद करून पाहणे, मग बी, नियंत्रक कार्ड ओढून दुसरे ताबा घेते का ते पाहणे, पंख्यांचा ट्रे क्षणभर काढून अलार्म वरच्या केंद्रात दिसतो का हे विचारणे. दाराचा, तापमानाचा आणि वीज गेल्याचा अलार्म चॅसीच्या बाहेरच्या संपर्कांना जोडलेला असेल तर तोही वाजवून बघतात. या चाचण्या पहिल्याच आठवड्यात उरकाव्यात, कारण गावे जोडली गेल्यावर चालू यंत्राचा फीड बंद करायला कोणी परवानगी देत नाही. भिंतीतून केबल आत येण्याचे छिद्र अग्निरोधक लेपाने बुजवायचेही याच दिवसांत. पावसाळ्यात बांध्यांमधून बाहेर पडलेले उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात आणि त्यांच्या मागोमाग सापही येतो.

रॅकमध्ये किती यू रिकामे ठेवायचे, हा प्रश्न आता नव्याने पुढे आला आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्याचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये आहे. पहिल्या आखणीत तालुक्यातून गावाकडे एकच वाट जात होती आणि ती तुटली की पुढची सगळी गावे बंद होत. नव्या आखणीत ग्रामपंचायती वलयाने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट उरते. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी आणि पंचायतीत राउटर बसतात. तालुक्याचा राउटर त्याच खोलीत येतो, तीच १९ इंची मापे घेऊन. त्यालाही उणे ४८ व्होल्टचे दोन फीड हवे असतात आणि त्याच अर्थपट्टीवर एक मोकळे भोक.